नोटीस मराठी, दिसते भलतीच

संपादक, स.न.वि.वि.

सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीला ईमेलवर एक सरकारी नोटीस आली, उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी. फाइल खराब नसते हो, जुन्या फॉन्टमधे मराठी अक्षरं इंग्रजीच्याच कोडवर बसवलेली असतात, मग तो फॉन्ट आपल्याकडे नसला की दडलेलं इंग्रजी वर येतं. तोच फॉन्ट टाकला की दिसतं, पण विकतचा असला तर? प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र कोड देणारं युनिकोड १९९१ पासून आहे, विंडोजमधे त्यात चालणारा निर्मला फॉन्ट आयता मिळतो, तरी जुन्यालाच चिकटायचं! निदान पीडीएफमधे फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमधेच घालून पाठवा की राव. नुसते चौकोन दिसले तर मात्र मजकूर बहुतेक शाबूत असतो, युनिकोडचा देवनागरी फॉन्ट लावून बघा.

– एक वाचक, पुणे ३०