टीचर, तुमचा वाटा

प्रिय टीचर,

सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी पिशवी घेऊन आले होते. त्यात साडी होती. तुम्ही ती उघडलीसुद्धा नाही. "ही परत ने गो बाय," म्हणालात, "आणि द्यायचंच असेल काही, तर तू जशी रडत आली होतीस ना माझ्याकडे, तशा दुसऱ्या आया असतील, त्यांना सांग आपण काय काय केलं ते." म्हणून हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, लेकीला घेऊन मी तुमच्या शाळेत आले तेव्हा ती दुसरीत होती आणि तिला "आई" सोडून एक शब्द नीट वाचता येत नव्हता. आधीच्या शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. प्रगतिपुस्तकात दर वेळी तेच, "लक्ष देत नाही." मुलं तिला "ढ" म्हणत. आणि घरी? घरी मी काही वेगळी नव्हते. काजूच्या कारखान्यातून दमून यायचं, तिला पुस्तक घेऊन बसवायचं, ती घरच्या "घ"ला "ध" वाचायची, भाताचा "भ" बघून "म" म्हणायची, आणि माझा हात उठायचा. मी तिला मारलं आहे टीचर. हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. तुम्ही ओळखलं असणार, कारण पुस्तक उघडलं की ती खांदे आवळून घ्यायची.

तुम्ही तिच्या हातात पुस्तक दिलंच नाहीत. आधी विचारलंत, डोळे तपासले का? कान तपासले का? दोन्ही नव्हते तपासले. ते सरकारी दवाखान्यात जाऊन करून घेतलं, दोन्ही ठीक निघाले. मग तुम्ही मला खुर्चीवर बसवून शांतपणे सांगितलंत की काही मुलांची बुद्धी चांगली असते पण अक्षर आणि आवाज यांची गाठ त्यांच्या डोक्यात लवकर बसत नाही. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात तिची नोंदसुद्धा आहे. रीतसर चाचणी मूल आठ वर्षांचं झाल्यावर करता येईल, पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही, असं म्हणालात. कुणीतरी मला पहिल्यांदाच सांगत होतं की हा माझ्या लेकीचा आळस नाही. माझी चूक आहे असंही तुम्ही म्हणाला नाहीत.

तुमची शाळा ख्रिस्ती, म्हणून माझ्या सासूबाईंची मात्र वेगळीच काळजी. "थय गेल्यार चेडू आपलो देव इसारतला," तिथे गेली तर पोर आपला देव विसरेल, असं त्या रोज म्हणायच्या. हे मी तुम्हाला घाबरत घाबरत सांगितलं, तर तुम्हाला राग आला नाही. कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास फक्त ख्रिस्ती मुलांना, बाकीच्यांना त्या वेळी नीतिशिक्षण, आणि सकाळच्या प्रार्थनेला ती नुसती शांत उभी राहिली तरी पुरे, असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याच मान्यताप्राप्त शाळेला मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, ते आपल्या संविधानात लिहिलेलं आहे, हेही तुमच्याच तोंडून कळलं. बुधवारच्या गोष्टीच्या तासालासुद्धा बसवू का, म्हणून तुम्ही मला आधी विचारलंत. पुढच्या वर्षी चतुर्थीला तुम्ही आमच्या गणपतीला आलात, सासूबाईंच्या हातचे मोदक खाल्लेत. नाताळात त्या तुमच्याकडचा येशूजन्माचा गोठा बघायला आल्या आणि परत जाताना तुम्ही दिलेला नेवऱ्यांचा डबा घेऊन गेल्या. "आमच्या करंज्येसारख्योच," म्हणाल्या. नंतर तो विषय घरात कधी निघाला नाही.

तुमची शाळा म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन खोल्या, वर कौलं, पहिली ते चौथी मिळून अडतीस मुलं आणि तुम्ही दोघी टीचर. एका खोलीत दोन-दोन वर्ग. मला वाटलं होतं, एवढ्या गडबडीत माझ्या पोरीकडे कोण बघणार? पण तिसरीतली मुलं दुसरीच्या मुलांना पाढे म्हणून दाखवत होती आणि तेवढ्या वेळात तुम्ही खाली जमिनीवर बसून एकेकाचं ऐकत होतात.

थोड्याच दिवसांत आमच्या घरात वार कॅलेंडरवर बघायची गरज राहिली नाही. लेक काय घेऊन निघाली त्यावरून कळायचं. सोमवारी परिपाठाला सांगायची एक बातमी. पेपरातली नव्हे, स्वतःच्या वाडीतली: कुणाची गाय व्याली, कुणाच्या होडीला रंग लावला. आठ सप्टेंबर जवळ आला की मेरीमातेच्या वाढदिवसासाठी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर हीसुद्धा परसातली फुलं घेऊन जायची, आणि उरलेली आमच्या देव्हाऱ्यात. शुक्रवारी शुद्धलेखनाची दुरेघी वही. शनिवारी सकाळची शाळा, जुने कपडे, कारण आवार झाडायचं आणि माडांच्या आळ्यात पाणी घालायचं. आणि गुरुवारी डब्यातून वाळू.

वाळूचं आधी मला खरंच कळलं नव्हतं. किनाऱ्यावरची बारीक, चाळलेली वाळू स्टीलच्या ताटात पसरून तुम्ही तिला बोटाने अक्षर काढायला लावायचात. बोट फिरत असताना तोंडाने आवाज म्हणायचा. डोळे मिटून परत तेच. पुसायचं, परत काढायचं. "घ" आणि "ध" एका दिवशी कधीच नाही. "घ" पक्का झाल्यावर दोन आठवड्यांनी "ध". आणि शब्दांचा क्रम तुम्ही स्वतः लावला होता. आधी नुसत्या कान्याचे: वारा, मासा, नाव, लाट. मग दीर्घ वेलांटीचे: जाळी, होळी, पाणी. ऱ्हस्व वेलांटी सगळ्यात शेवटी. मी विचारलं असं का, तर तुम्ही "किनारा" लिहून दाखवलात. तोंड आधी "क" म्हणतं आणि मग "इ", पण कागदावर वेलांटी आधी येते आणि "क" मागाहून. आपल्याला सवय झाली म्हणून दिसत नाही, हिच्यासारख्या मुलांचा पाय तिथेच अडकतो. "सूर्य"मधला "र" तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो! मी बारावी शिकले आहे टीचर, पण आपलं अक्षर लहान मुलाला कुठे फसवतं हे मी कधी बघितलंच नव्हतं.

आणि तो बुधवार. त्या दिवशी तुम्ही बायबलमधल्या पेत्र नावाच्या कोळ्याची गोष्ट सांगत होतात. रात्रभर जाळी टाकून काही मिळालं नाही, सकाळी किनाऱ्यावर जाळी धूत बसले होते, येशूने सांगितलं पुन्हा खोल पाण्यात जा. माझी लेक, जी वर्गात तोंड उघडत नव्हती, ती उभी राहिली आणि म्हणाली, "रातभर गावला नाय तर दिवसा कसा गावतला? दिवसा जाळा माशांक दिसता!" दुसरी एखादी टीचर म्हणाली असती, खाली बस. तुम्ही म्हणालात, "बघा, ही गोष्ट मी वीस वर्षं सांगते आहे, पण पेत्राला नवल का वाटलं ते मला आज कळलं." मग तिला पुढे बोलावून रापणीबद्दल विचारलंत. तिने सगळं सांगितलं: एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दुसरं टोक लांब जाऊन किनाऱ्याला लागतं, मग दोन्हीकडून माणसं दोर ओढत जवळ जवळ येतात. जाळं जड झालं तर काय करतात असं तुम्ही विचारलंत. "हाक मारतत. पेत्रान दुसऱ्या होडयेक बोलवल्यान ना, तसाच."

ती बोलत होती तेव्हा तुम्ही लिहून घेत होतात, हे तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चाळीस पानी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, ओळींत भरपूर जागा सोडून, तिचीच वाक्यं तिच्यासमोर ठेवलीत. तीसुद्धा मालवणीतच. "माझो बापूस रापण ओढता. मीय ओढतंय. मासे गावले की सगळ्यांचो वाटो." तिने पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, आणि पुढचं वाक्य काय असणार ते तिला माहीतच होतं, कारण ते तिचंच होतं. संध्याकाळी मी कारखान्यातून आले तर ती दारात उभी. "आये, ह्यां माझाच बोलणा! माका वाचूक येता!"

मी चुलीपाशी बसून रडले. ती घाबरली, परत काही चुकलं की काय म्हणून. मी तिला म्हटलं, परत वाच. तिने सात वेळा वाचलं.

त्या वहीची पुढे तीन वह्या झाल्या. प्रमाण मराठी तुम्ही हळूच आणलीत. डाव्या पानावर तिचं मालवणी वाक्य, उजव्या पानावर तेच पुस्तकातल्या भाषेत. मालवणी चुकीची आणि पुस्तकातली बरोबर, असं एकदाही म्हटलं नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही शाळेत होतो तेव्हा "माका" म्हटलं की वर्ग हसायचा.

आणि तुम्ही मलाही शाळेत बोलावलंत! मी कारखान्यात ग्रेडिंगला, म्हणजे काजूगर आकाराप्रमाणे निवडायला, बसते हे कळल्यावर तिसरीच्या शेवटी एका शनिवारी म्हणालात, ये आणि मुलांना शिकव. मी काय शिकवणार? पण मूठ-मूठ काजूगर घेऊन आले. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर बसतात. १८० नंबर म्हणजे पौंडात १७० ते १८०. मुलांना वाटत होतं ३२० मोठा. हातात धरून बघितल्यावर कळलं, नंबर मोठा तो गर लहान. पुढे चौथीत अपूर्णांक आले तेव्हा एक छेद चार मोठा की एक छेद तीन, यात सगळे अडले आणि माझी लेक म्हणाली, "काजूसारखां असा. खालचो नंबर मोठो तो तुकडो ल्हान." हे तुम्ही मला बाजारात, मासळीच्या गर्दीत थांबवून सांगितलंत. मी आयुष्यात इतकी वर्षं काजू निवडले, पण त्या दिवशी कारखान्यात बसताना माझी पाठ ताठ होती.

सगळं सुरळीत झालं असं मी कुणाला सांगणार नाही, कारण ज्यांच्यासाठी तुम्ही हे लिहायला लावलंत त्या आयांची फसवणूक होईल. लेक आजही हळू वाचते. जोडाक्षर आलं की थांबते. आठ वर्षांची झाल्यावर चाचणी केली, तुम्ही म्हणाला होतात तेच निघालं, आणि त्याचा कागद आता पाचवीच्या शाळेत द्यायचा आहे. पेपरला तिला वेळ जास्त लागतो. पण पुस्तक उघडताना ती खांदे आवळत नाही. मे महिन्यात लग्नाच्या आमंत्रणपत्रिका येतात त्या घरात तीच मोठ्याने वाचते, आणि सासूबाई मुद्दाम चष्मा लपवून तिला हाक मारतात.

आयांनो, तुमच्यातल्या कुणाचं मूल असं असेल तर एवढंच सांगते. आधी डोळे आणि कान तपासा. त्याला बोलू द्या, ते बोलतं ते लिहून घ्या, आणि तेच त्याला वाचायला द्या. ताटात वाळू घालायला पैसे लागत नाहीत. मारू नका. मी मारलं आहे, त्याने एक अक्षरही आलं नाही.

टीचर, परवा १ मे, निकाल. जूनपासून लेक एस.टी.ने मोठ्या शाळेत जाईल. काल स्टँडवर आम्ही उभ्या होतो तेव्हा गाडीची पाटी तिने वाचली, बोट हवेत फिरवत, वाळूत फिरवायची तसं: "मालवण... कट्टा... कसाल." गाडी निघून गेली तरी तिचं "कट्टा"मधलं जोडाक्षर चालूच होतं. मी घाई केली नाही.

साडी मी परत नेली. पण शनिवारी आमच्या किनाऱ्यावर रापण आहे, आणि आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, तुमच्याच वहीत लिहिलेली आहे. दोराला ज्याने हात लावला त्याचा वाटा निघतो. बांगडे असोत नाहीतर पेडवे, जे गावेल ते. लेक घेऊन येईल. तिच्या हातचं परत पाठवू नका.

तुमची,
चौथीतल्या रापणवाल्या चेडवाची आई