मास्तरांच्या भेटीला जाताना

चि. शमू,
प्रभूमध्ये सलाम.

चर्चच्या पाळकांनी डायलिसिसवर असलेल्या मास्तरांच्या घरभेटीचं काम तुझ्यावर सोपवलं आणि तू विचारलंस, तिथं जाऊन प्रार्थना काय करायची. प्रार्थनेचं पुढे लिहिते. आधी एक सांगते, शहाळं नेऊ नकोस.

आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळं नाहीतर केळी-मोसंबी, हे आपल्याकडे ठरलेलं. डायलिसिसवरच्या, म्हणजे मशीनने रक्त साफ करून घेणाऱ्या माणसाला नेमकं तेच बाधतं. मूत्रपिंडं निकामी झाली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. जीवही जाऊ शकतो. पाणीसुद्धा मोजून असतं. दिवसभरात जेवढी लघवी होते त्याहून साधारण ५०० मिली जास्त, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. तेव्हा मास्तरांच्या बाईंनी चहा ठेवला तर तू घे, पण 'मास्तर, तुम्हीपण घ्या ना' असा आग्रह नको. लोणचं-पापडही नको, खारटाने तहान भडकते. न्यायचंच असेल तर एखादं सफरचंद, तेही बाईंना विचारून.

त्यांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवारी असतं. मशीनवर चार तास, शिवाय जाणं-येणं. त्या संध्याकाळी माणूस पार गळून जातो, त्याला बोलवतही नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास जा. आधी फोन कर. वीस मिनिटं पुष्कळ झाली. खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीला बस; उभ्याने बोललास तर ते उठून बसायची धडपड करतील.

प्रार्थनेत हात धरायची आपल्याला सवय. मास्तरांच्या एका हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेली जागा. बोट ठेवलं तर तिथं थरथर लागते. त्या हातावर दाब पडला, घड्याळ किंवा पिशवी अडकवली, तर रक्त गोठून तो मार्ग बंद पडतो आणि नव्याने शस्त्रक्रिया करावी लागते. 'कोणता हात धरू?' एवढं विचारायचं आणि दुसरा हात हलकेच धरायचा.

मंडळीतलं कुणीतरी त्यांना म्हणेलच, विश्वास धरा आणि मशीन सोडा, किंवा तीन दिवस उपास-प्रार्थना करा. तू तिथं असलास तर गप्प बसू नकोस. एक-दोन फेऱ्या चुकल्या तरी पाणी फुप्फुसात भरतं, पोटॅशियम चढतं. आणि आजारपण विश्वास कमी पडल्यामुळे आलं, असं आडूनसुद्धा सुचवू नये. बायबलात योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांधाबद्दल हाच प्रश्न केला, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसून होते, तोवर ठीक होतं. बोलायला लागले तिथं बिघडलं.

आता प्रार्थना. 'कशासाठी करू?' हे मास्तरांनाच विचार. बरं वाटावं असं म्हणतील, किंवा रात्री झोप लागावी, किंवा मुलीचं लग्न. जे सांगतील तेच माग, दोन मिनिटांत. वाचायला स्तोत्र १२१ घे, आठच ओव्या आहेत. त्यांना रागच आला असेल तर स्तोत्र १३, त्यात 'कुठवर?' असं देवालाच विचारलंय. आणि त्यांनी सांगितलेलं मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'प्रार्थनेची विनंती' म्हणून टाकू नकोस. हा प्रकार हल्ली फार बोकाळलाय. त्यांची परवानगी असेल तरच, आणि रिपोर्टचा फोटो तर कधीच नाही.

खरं काम बाईंकडे आहे. लूक १० मधला शोमरोनी वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. पण दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी देतो आणि जास्त लागलं तर परत येईन तेव्हा भरीन म्हणतो, हे आपण भरभर वाचून जातो. 'काही लागलं तर सांगा' असं म्हटलं की कुणीच सांगत नाही. त्यापेक्षा 'शुक्रवारी मी मास्तरांना घेऊन जातो, तुम्ही झोपा' असं म्हण. परत आणताना त्यांना सावकाश उभं कर. रक्तदाब उतरलेला असतो, चक्कर येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेट. तिथली रांग तू लाव, बाईंना उभं करू नकोस. आधी दोन्ही कार्डांवरचं नाव जुळतंय का बघ. स्पेलिंगचा फरक असला तर तिथंच अडतं. मंडळीच्या निधीतून पैसे द्यायचे झाले तर बंद पाकिटात, बाईंच्या हातात, मास्तरांसमोर नाही.

उठताना पुढचा दिवस सांगूनच ऊठ, आणि नाही जमलं तर आदल्या रात्री कळव. बाईंना माझा सलाम सांग.

तुझी,
आई