गतिरोधक टाका, पण मापात

माननीय संपादक,
स.न.

अपघात झाला की रास्ता रोको होतो, दोन दिवसांत गतिरोधक पडतो आणि विषय मिटतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या गावांत केळीचे ट्रक आणि एसटी चुकवतच शाळकरी पोरांना रस्ता ओलांडावा लागतो. तिथे वेग कमी झालाच पाहिजे. पण उरलेले डांबर ओतून फावड्याने थोपटलेला उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हे.

आयआरसी ९९ या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत माप दिलेले आहे : गाडी जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. यावरून गाडी ताशी २५ किलोमीटरने नीट जाते. तीच उंची अर्ध्या मीटरात चढवली की दुचाकीवर मागे बसलेली बाई उडते. मग दुचाकीवाले कडेच्या फटीतून गाडी काढतात, आणि कडेने तर पायी जाणारे आणि सायकलवाली पोरे चाललेली असतात! ज्यांच्यासाठी गतिरोधक टाकला, त्यांच्याच अंगावर गाड्या येतात. फट पाण्यासाठी ठेवली असे सांगितले जाते. पाणी जाळी टाकलेल्या नालीतून काढावे आणि गतिरोधक थेट कडेपर्यंत न्यावा.

तपासणी अवघड नाही. याच गोलाईचा प्लायवूडचा साचा कापून गतिरोधकावर ठेवला की चूक दिसते. साचा नसेल तर टेप पुरे : मध्यापासून दोन्ही बाजूंना ९२ सेंटिमीटरवर उंची साधारण साडेसात सेंटिमीटर भरली पाहिजे. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक हवा, अंगावर चमकणारे पट्टे हवेत. पट्टे पुसलेला गतिरोधक रात्री खड्ड्याइतकाच घातक.

एसटीचा थांबा ओलांडणीच्या पुढे असावा. थांबा अलीकडे असला की उतरलेले प्रवासी बसच्या तोंडासमोरून निघतात, आणि बसला ओलांडून येणाऱ्या गाडीला ते दिसतच नाहीत. यासाठी फारसा खर्चही नाही, फलक आणि शेड हलवायची.

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकता येत नाही, म्हणून रस्ता नगरपरिषदेचा, बांधकाम विभागाचा की महामार्गाचा, हे निवेदनापूर्वी पाहावे. रस्त्याचे निकष न पाळल्यामुळे कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ खाली ठेकेदार व यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुख्याधिकारी आणि अभियंत्यांनी साचा लावून पाहिल्याशिवाय गतिरोधकाचे एकही बिल मंजूर करू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, फैजपूर (जि. जळगाव)