इथून आणणार नाही, बर्डीवरून घे

स्टुटगार्ट, रविवार

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बाबा मधेमधे बोलून राहिले होते, त्यामुळे तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही. तू पाठवलेल्या लॅपटॉपच्या लिंका सगळ्या पाहिल्या. एकाही लिंकेत तुला काय लागणार आहे ते नाही, फक्त काय चकचकीत दिसतं ते आहे. म्हणून नीट लिहिते. वाचून झालं की बाबांना दे.

आधी बाबांचा बेत. दिवाळीला येताना मी इथून लॅपटॉप आणायचा, हे डोक्यातून काढून टाका. कस्टमची अडचण नाही, अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटी न भरता आणता येतो. पण "तिकडे स्वस्त मिळतं" हे बाबांना कोणी सांगितलं? इथल्या किमतीत १९ टक्के व्हॅट धरलेला असतो, आणि तो परत मिळतो युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्यांना. माझा पत्ता इथला, मला कोण परत देतो! वरून इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट्या, आणि डोक्यावर टिंबं असलेली जर्मन अक्षरं कंस, अर्धविराम असल्या चिन्हांच्या जागी बसलेली. प्रोग्रॅमिंगच्या तासाला कंस शोधत बसशील. वॉरंटीचं म्हणशील तर बऱ्याच मॉडेलची ती ज्या देशात घेतलं तिथलीच असते. स्क्रीन गेली तर काय स्टुटगार्टला कुरिअर करणार? आणि दिवाळीपर्यंत तुझं पहिलं सेमिस्टर संपत आलेलं असेल, ते वेगळंच.

तर घ्यायचं नागपुरातच, बर्डीच्या बाजारातून. पण आत्ता नाही. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या, राउंडमध्ये ब्रांच पक्की होऊ दे, मग घे. तू मेकॅनिकल म्हणतोस. तसं झालं तर विंडोजवालाच लागेल. सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मॅकवर चालत नाही, आणि नव्या मॅकबुकवर पूर्वीसारखं शेजारी विंडोज टाकून घेता येत नाही. आत्याकडच्या दादाचा मॅकबुक पाहून तुला भुरळ पडली आहे ते मला कळतं, पण तो सीए करतो. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही सध्या सोड. बॅटरी झकास चालते, पण इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत. कॉम्प्युटरला नंबर लागला तर निवड जरा मोकळी होईल, तेव्हा मला विचार.

आता तुझा गेमिंग लॅपटॉप. "ताई, ऑटोकॅडला ग्राफिक्स कार्ड लागतं" हे तू बाबांना पटवलंस, मला पटवू नको. पहिल्या दोन वर्षांत जे ड्रॉइंग कराल, त्याला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. गेमिंगवाला सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा चार्जर म्हणजे अजून वजन, आणि चार्जर काढला की बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. तुला हिंगणा रोडचं कॉलेज मिळालं तर रोज मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत आणि तिथून पुढे हे ओझं पाठीवर. दीड किलोच्या आसपासचा घे. बाबांनी ठरवलेल्या साठ हजारांत ग्राफिक्स कार्ड बसवायचं तर कंपनी दुसरीकडे कात्री लावणारच, बहुतेक वेळा स्क्रीनला नाहीतर रॅमला.

रॅमवरच मला खरं बोलायचं आहे. १६ जीबीच्या खाली घेऊ नको. "आठचा घ्या, पुढे वाढवून घेता येते" असं दुकानदार म्हणेल. दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, पातळ लॅपटॉपमध्ये रॅम हल्ली मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती जन्मात वाढत नाही. दुसरं, २०२५च्या शेवटापासून मेमरी चिपा महागल्या आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी बाजारातला माल ओढून घेतला. त्यामुळे "पुढे" स्वस्त पडेल या भरवशावर राहू नको. दुकानात मशीन सुरू असलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली "स्लॉट्स यूज्ड" लिहिलेलं दिसेल. दोनपैकी एक म्हणत असेल तर वाढवायला जागा आहे. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" असं काही दिसलं तर समजायचं, सोल्डर आहे. एवढं दुकानदारासमोर केलंस की तो बाबांशी बोलायचं सोडून तुझ्याशी बोलायला लागेल.

प्रोसेसरच्या नावात पण गंमत आहे. तुझ्या लिंकांमध्ये एक रायझन ५ ७५२०यू होता आणि एक ७५३०यू. दहाचाच तर फरक, असं वाटेल. पण रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या त्या सात हजारच्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२० म्हणजे झेन २, चार कोअर, म्हणजे काम करणारे चार भाग. ७५३० म्हणजे झेन ३, सहा कोअर. स्टिकरवर दोन्हीकडे नुसतं "रायझन ५" लिहिलेलं. म्हणून स्टिकर वाचू नको, पूर्ण नंबर वाच. इंटेलचंही तसंच, शेवटचं अक्षर पाहायचं. यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जोरकस पण बॅटरी लवकर संपवणारा. तुला दोन्ही चालतील.

एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, ५१२ जीबी घे. विंडोज त्याला ४७६च दाखवेल, तेव्हा फसवलं म्हणून भांडू नको. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने, एवढाच फरक. कोणी जुना, विंडोज १० वाला स्वस्तात गळ्यात मारायला पाहिला तर नाही म्हण. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आहे.

स्क्रीन मात्र लिंकेवर कळत नाही, त्यासाठी बर्डीवर जावंच लागेल. ब्राइटनेस पूर्ण कर, पांढरं पान उघड, आणि बाजूला सरकून पाहा. रंग फिके किंवा उलटे दिसले तर पॅनल बेकार. मग मशीन दुकानाच्या दाराशी नेऊन पाहू द्या म्हण. आत ट्यूबलाइटखाली सगळेच चांगले दिसतात. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप; २५० निट्सची स्क्रीन कॉलेजच्या खिडकीशी बसून वाचताना डोळे बारीक करायला लावते. ३०० च्या वर मिळाली तर तिच्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील, ते मी देईन. झाकण एका हाताने उघडून पाहा, बिजागरी कुरकुरते का ते. आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात कुठे आहे ते दुकानदाराला विचारू नको, स्वतः जाऊन पाहा. तिथे रांगेत बसलेल्या दोघांना किती दिवसांपासून चकरा मारताय म्हणून विचारलंस की सगळं कळेल. इतकं कोणी करत नाही, पण तू कर.

बिल जीएसटीचं, तुझ्या नावावर, सीरियल नंबर लिहिलेलं. खोक्यावरचा, मशीनच्या पोटावरचा आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, हे तिथेच पाहायचं. "कच्चं बिल घ्या, थोडं कमी करून देतो" याला बाबा लगेच हो म्हणतील. तू अडव.

घरी आणल्यावरचं ऐक, कारण आपल्याकडचा उन्हाळा कंपनीच्या पुस्तकात नसतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात ४५च्या वर पारा गेलेला असताना अ‍ॅक्टिवाच्या डिक्कीत ठेवून कुठे थांबलास तर तिचं आयुष्यच कमी होईल. गादीवर ठेवून वापरायचा नाही, हवा आत जायची जाळी खालच्या बाजूला असते. आणि कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नाही. वाळ्याचा वास आपल्याला बरा वाटतो, पण ती दमट हवा आत गेली की मशीनची वाट लागते. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर सुरू करून ठेव. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा. आजी टीव्हीचा काढते, तेव्हा तुझाही काढायला सांग तिला.

अँटिव्हायरस, बॅग, माऊस आणि "एक्स्टेंडेड वॉरंटी" असा गठ्ठा दुकानदार पुढे करेल. अँटिव्हायरस नको, विंडोजचा स्वतःचा पुरतो. अपघाती नुकसानीचं संरक्षण कंपनीचंच असेल आणि भाव बरा असेल तर घे, तुझा हात पाहता. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, कोणाकडून क्रॅक आणू नको.

दोन-तीन मॉडेल नक्की झाले की त्यांच्या पूर्ण नंबरचे फोटो मला पाठव. तुमच्याकडे सकाळचे अकरा म्हणजे माझ्याकडे साडेसात, तेव्हा मी जागी असते. पैसे बाबांच्या खात्यात सोमवारी टाकते. आईला म्हणावं, संत्रा बर्फीचं पार्सल नको पाठवू, मीच येऊन खाईन.

तुझी,
ताई

ता. क. प्रिंटर नको. कॉलेजच्या फाटकाशी झेरॉक्सवाला असतोच.