विषय : डिझेल गाडीला पेट्रोलच्या पुढच्या स्प्रिंगा पाठवल्याबद्दल आणि नंतरच्या टोलवाटोलवीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन संपला. संपला म्हणजे तिकडूनच कट झाला. म्हणून आता लेखी.

स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बरचं किट तुमचंच आहे, तेव्हा त्यात काय काय येतं ते सांगत बसत नाही. 'हाताळणी कडक, उंचीत फरक फक्त १५ मिलिमीटर' ही ओळ तुमच्या माहितीपत्रकात तुम्हीच छापली आहे. मी पैसे त्या ओळीचे मोजले. गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा बाजारात तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतात. तशी बसकी गाडी मिरवायची हौस असती तर तुमच्या दारात आलोच नसतो.

माझं जाणं-येणं सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर असं. मूळच्या सस्पेन्शनवर घाटात गाडी फार झुलायची, एका वळणातून सावरेपर्यंत दुसरं यायचं. ते झुलणं कमी करायचं होतं, पण इंजिनाखालचा तेलाचा चेंबर शाबूत ठेवून. स्पीडब्रेकर नियमाने १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमच्याकडे गावागावात उंची नियमाच्या वर आणि रुंदी पायरीएवढी. तिथे एकेक मिलिमीटर मोलाचा असतो.

आता मापं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट फरशीवर, गाडी रिकामी. टायरमधल्या हवेचा या मापाशी संबंध येत नाही, म्हणून ते कारण सांगू नका. मागे ३८५ चे ३७० झाले. बरोबर १५, तुमच्या शब्दाप्रमाणे. पुढे ३९२ चे ३५२. म्हणजे ४०. डावी-उजवी दोन्हीकडे तेच. गाडी नाकावर बसली आहे. गेटसमोर उभी असली की शेजारी विचारतात, पुढचं चाक पंक्चर आहे का?

कारण शोधायला मला इंजिनिअर लागला नाही. पुढच्या स्प्रिंगांवर रंगाने छापलेला नंबर तुमच्याच वेबसाइटवरच्या तक्त्यात पाहिला. तो याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा आहे. माझी डिझेल. डिझेलचं इंजिन जड, पुढच्या ॲक्सलवर भार जास्त, म्हणून तुम्ही स्वतःच दोन वेगळ्या स्प्रिंगा बनवता. मागचा भार दोन्हीत जवळपास सारखा, म्हणून मागे माप जुळलं. खोक्यावर मात्र डिझेलचा नंबर चिकटवलेला आहे. खोका बरोबर, आतला माल चूक. विषय एवढाच होता. एका कुरिअरमध्ये मिटला असता.

त्याऐवजी आज काय झालं ते ऐका. मी मापं सांगितली. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "सर, गाडीत माणसं किती असतात?"

"मोजताना एकही नव्हतं."

"नाही, नेहमी किती?"

"मी, आणि कधीकधी आई."

"आई पुढे बसतात की मागे?"

गुडघ्यांमुळे ती पुढे बसते. मी तसं सांगितलं. त्यावर पलीकडून, "मग त्यांचं वजन किती असेल?" मी गप्प. मला ऐकू गेलं नसावं असं समजून त्याने तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. वर म्हणाला, "अंदाजे सांगा सर, सिस्टीममध्ये टाकावं लागतं." मागून कीबोर्डची टकटक चालूच होती. मी म्हणालो, अहो, मापं घेताना ती घरी होती, गाडीत नव्हती. तर म्हणे, "पुढे बसणारी व्यक्ती जड असेल तर नाक खाली जाऊ शकतं सर, कंपनी त्याला डिफेक्ट धरत नाही." म्हणजे माझी आई घरात बसून गेटबाहेरची गाडी ४० मिलिमीटर खाली दाबते, हे तुमच्या कंपनीचं तांत्रिक मत. आणि ते सिस्टीममध्ये नोंदवलेलं आहे.

मग मी स्प्रिंगवरचा नंबर वाचून दाखवला. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो : "स्प्रिंगवरचा नंबर आम्ही बघत नाही सर, खोक्यावरचा बघतो." खोका गाडीला बसवू का?

शेवटी उपाय सुचवला. पुढच्या कॉइलमध्ये रबरी बफर घालून घ्या, कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो, उंची वाढेल. सीटकव्हर आणि लटकवायच्या बाहुल्या मिळतात त्या दुकानात. बफर घातला की तेवढे वेढे जाम होतात आणि स्प्रिंगचा रेट, म्हणजे कडकपणाच, बदलतो. मग त्या रेटला जुळवून तुम्ही शॉकॲब्सॉर्बर बनवता, त्याला अर्थ काय राहिला? हा सल्ला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दिला असता तर मी हसलो असतो. तुम्ही तर रेसिंगचे फोटो लावून किट विकता!

आधीच्या फोनवर खापर फिटरवर फोडून झालं होतं. चाकाला धरणाऱ्या आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळले असतील, त्यातले रबरी बुश पिळले गेले असतील, वगैरे. गाडी चारही चाकांवर उभी करूनच ते बोल्ट आवळले. मी तिथेच उभा होतो. नंतर अलाइनमेंटही केली, तिचा कागद माझ्याकडे आहे. आणि पिळलेला बुश फार तर गाडी वर धरतो, खाली कशाला बसवेल? एवढा विचार तरी करून बोला.

चालवताना काय होतं ते तुमच्या इंजिनिअरांना एका ओळीत कळेल : पुढचा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा खांब) जवळजवळ बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, टेकूनच चालतो. वळणात खड्डा आला की तो दणकन आपटतो, पुढची पकड सुटते आणि नाक वळणाच्या बाहेर ओढतं. केळघरला बाहेर म्हणजे दरी. शिवाय खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक आता वर गेलंय, म्हणजे रोल सेंटर, गाडी वळणात ज्याभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्य उतरला त्याहून जास्त उतरला; दोघांतलं अंतर वाढलं की गाडी जास्त कलते. झुलणं कमी व्हावं म्हणून पैसे दिले, तर गाडी झुलायला नवं कारण मिळालं. आणि स्पीडब्रेकरवर चेंबर घासतोय तो वेगळाच.

पुन्हा सांगतो, कारण पुन्हा विचारलं जाणार हे माहीत आहे : गाडी डिझेल, पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलच्या.

माझा पहिला शॉकॲब्सॉर्बरचा जोड तुमचाच होता, आधीच्या गाडीला. गाडी विकेपर्यंत त्यातून तेलाचा थेंब गळला नाही. त्या भरवशावर या वेळी दुसरीकडे भावही विचारला नाही. ते नाव कमवायला तुम्हाला वर्षं लागली असतील.

मला हवं ते असं. डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगांचा जोड तुमच्या खर्चाने साताऱ्यात पोचवा, 'पुण्याला घेऊन या' चालणार नाही. काढण्या-बसवण्याची मजुरी आणि नव्याने करायच्या अलाइनमेंटचा खर्च द्या. आणि माझ्या तक्रारीच्या नोंदीतून आईचा उल्लेख काढून टाका. तो काढल्याचं लेखी कळवा.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. तारखांना तुमचा माणूस येईल. खंबाटकी ओलांडून आला की कळेलच त्याला.

बिल, अलाइनमेंटचा कागद, चारही मापांचे फोटो आणि खोक्यावरच्या व स्प्रिंगवरच्या नंबरांचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळच्या स्प्रिंगा मी जपून ठेवल्या आहेत, तुमच्या परत पाठवायला त्यांची मदत होईल. उत्तर लेखीच द्या, फोन करू नका.

तुमचा एक ग्राहक,
सातारा