पोचेचा कागद

अमळनेर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बापू,

दिवाळीपासून तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. कामात होतो असं खोटं लिहीत नाही. उचलला असता तर तू पहिल्या वाक्यातच विचारलं असतंस, "मग तू काय केलंस?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. कागदावर तुला मध्येच वकिली करता येत नाही.

तब्येत ठीक. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता पंचांगातलं बारीक अक्षर वाचते.

तात्यांच्या नातवाचा व्हिडिओ तुझ्यापर्यंत आला असेलच. डोक्यावर टोपडं ओढलेला काळा माणूस, मागे हिरवे आकडे पावसासारखे पडतायत आणि वर लाल अक्षरांत "तालुक्यातला हॅकर अखेर जाळ्यात". कसलं जाळं रे! अठरा वर्षांचा पोरगा. घरात आजी, एक गाय आणि हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप. मी नीट सुरुवातीपासून सांगतो, कारण त्या व्हिडिओत खरं एवढंच की त्याचा फोटो त्याचाच आहे.

तो जिथे शिकतो त्या संस्थेच्या साइटवरून फीची पावती काढत होता. ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी एक आकडा असतो. पट्टीत पत्ता टाइप करताना शेवटचा आकडा चुकला आणि भलत्याच मुलीची पावती उघडली. फोटो, आधार क्रमांक, वडिलांचा मोबाइल, बँकेचा खाते क्रमांक, सगळं. त्याला वाटलं, एखादी चूक असेल. म्हणून अजून एक आकडा बदलून पाहिला. तेही उघडलं. तिथे थांबला, बापू. तिसरं उघडलं नाही. मी त्याला चारदा विचारलंय आणि चारही वेळा त्याने माझ्या डोळ्यांत बघून "दोनच, सर" सांगितलंय. मग फुलस्केप घेतला, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला की आपल्या साइटवर लॉगिन कुणाचं आहे हे न तपासता कागद दाखवले जातात, कृपया दुरुस्त करावे, आणि ऑफिसात जाऊन दिला.

अकराव्या दिवशी संस्थेवाल्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो घाबरून माझ्याकडे आला, म्हणून मीही गेलो. आता जे लिहितोय ते मी घरातही सांगितलेलं नाही.

टेबलावर कोरा कागद ठेवला. म्हणाले, माफीनामा लिही, नाहीतर पोलीस स्टेशन. पोराने लिहिलं, "माझ्याकडून चुकून दुसऱ्याची पावती बघितली गेली." ते म्हणाले, असं नाही, "मी हॅकिंग केले" असं लिही. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "लिही बाळा, मिटवून टाकू." एवढंच नाही, खाली साक्षीदार म्हणून सही केली. चौथ्या दिवशी त्या माफीनाम्याचा फोटो त्या व्हिडिओवाल्या चॅनेलवर होता. तिथे कुणी दिला ते मला कळलेलं नाही. पण खाली माझी सही सगळ्या तालुक्याने पाहिली.

तुला आठवतं, २०२४ च्या मार्चअखेरीला तू रात्री एक वाजता मला उठवलं होतंस, एक्सझेडची बातमी सांगायला? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा माणूस, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणारा. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या साधनाने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याच्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर चहा प्यायला उठला असता. हा त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि निघालं काय, तर फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या साध्या अवजारात कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला. बसवणारा जिया टॅन नावाने वावरत होता. दोन वर्षांहून जास्त काळ इमानाने कामं करून त्याने दमलेल्या, एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. फ्रॉइंडने आधी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आणि बाकीच्या लोकांना गुपचूप कळवलं, मग २९ मार्चला जाहीर लिहिलं. पुढच्याच रविवारी मी ही गोष्ट क्लासच्या पोरांना सांगितली. चुटकी वाजवून अर्धा सेकंद म्हणजे किती ते दाखवलं. तात्यांचा नातू पहिल्या बाकावर होता. दोन दिवस तो नुसता चुटक्या वाजवत फिरत होता.

तर ही गोष्ट तुझ्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे गेली. त्याने ती मनावर घेतली, शिकवली तशीच वागला. फ्रॉइंडच्या मागे त्याचं नाव होतं, काम होतं, मोठ्या कंपनीतली नोकरी होती. या पोराच्या मागे त्या केबिनमध्ये मी होतो. आणि मी सही केली.

आपलं नळाजवळचं भांडण आठवतं का? आपल्या सायबर कॅफेतलं? तो कापसाचा व्यापारी मेल उघडा ठेवून गेला होता. तू म्हणालास, त्याच्याच मेलवरून त्याला लिहू, "शेठ, लॉगआउट करत जा." मी म्हणालो, गपचूप बंद कर आणि विसर, उगाच आपल्यावर येईल. तू मला भित्रा म्हणालास, मी तुला दीडशहाणा. आठ दिवस बोललो नाही आणि गल्ल्यातले सुटे पैसे सहा वर्षांच्या भाचीच्या हाताने एकमेकांकडे पाठवायचो. वीस वर्षं मला वाटत होतं की तेव्हा माझं बरोबर होतं.

तीन नंबरच्या मशीनचं मात्र माझंच बरोबर होतं, ते मी मरेपर्यंत सोडणार नाही. विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटू प्रणालीच्या फुकट सीड्या परदेशातून पोस्टाने आल्या म्हणून तू विंडोज उडवलंस, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायची शेवटची तारीख! प्रिंटर ढिम्म, बाहेर चाळीस पोरं. पण ते पाकीट घेऊन आलेले पोस्टमन काका आठवतात? "पैसे किती द्यायचे?" म्हणून आपणच विचारलं आणि ते म्हणाले, "काहीच नाही, घ्या." हॅकर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं होतं. कुणीतरी रात्र-रात्र जागून बनवतो आणि ओळखपाळख नसलेल्या अमळनेरच्या पोरांना फुकट पाठवतो.

तुझ्या वडिलांना मी एकदा सांगितलं होतं की हा शब्द रूढ झाला तो एमआयटीतल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबात. रुळांच्या टेबलाखाली रिले आणि वायरींचं जाळं, ते अजून चांगलं चालावं म्हणून खटपट करणारे ते हॅकर. काका भुसावळला सिग्नलमध्ये अख्खं आयुष्य काढलेले. ते लगेच म्हणाले, "मग आमच्या यार्डात असे पुष्कळ होते." मला सगळ्या पुस्तकांपेक्षा हे पटतं. आणि आज आपल्या बातम्यांत हा शब्द फक्त चोराला उरलाय. जुलै २०२४ मध्ये जगभर ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले, तेव्हाही इथे दुकानात येणारा प्रत्येक जण विचारत होता, "हॅकरनी केलं ना?" एका सुरक्षा कंपनीचा अपडेट सदोष निघाला होता. पण तसं सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो.

मला राग त्या व्हिडिओच्या खोटेपणाचा आहेच, त्याहून जास्त त्यात जे नाही त्याचा आहे. पोरापोरींची आधार कार्डं उघड्यावर होती, याबद्दल एक ओळ नाही. ज्या मुलीची पावती उघडली तिला आजवर कुणी कळवलेलं नाही. चार मिनिटांचा व्हिडिओ, आणि चॅनेलवाला संस्थेला एक प्रश्न विचारत नाही.

आणि भीती वाटते ती वेगळीच. तुला सांगायला नको. १ जुलै २०१८, राईनपाडा. त्या रविवारी आपण दोघं धुळ्यात तुझ्या साडूकडे होतो, साक्रीकडून फोन येत होते. भिक्षा मागायला आलेली डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मुलं पळवणारी टोळी म्हणून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारली. तो मेसेज त्याआधी माझ्या फोनवर येऊन गेला होता. मी पुढे पाठवला नव्हता. पण "हे खोटं आहे" असंही कुठे लिहिलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात पाचापेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करणं बंद केलं, २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तरी हा व्हिडिओ तिसऱ्या दिवशी आजीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर होता. आजी मोबाइल घेऊन दुकानात आली. पदराने स्क्रीन पुसली आणि म्हणाली, "मना नातू चोर शे का भाऊ?" मी नाही म्हणालो. तिने दोन वेळा विचारलं.

आता कामाचं. मी चार रात्री वाचतोय. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्याला अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेलं कृत्य लागतं. ४३ मध्ये नुसती परवानगी नसणंही पुरतं, पण तिथे भरपाईची बाब आहे. हे मी बरोबर वाचतोय का ते तुझ्या त्या वकील मैत्रिणीला विचार. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात असंच झालं होतं, २०२१ मध्ये. सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅचच्या पत्रकाराला सरकारी साइटच्या पानातच शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (आपल्या आधारसारखे) दिसले. त्याने खात्याला कळवलं, पान उतरेपर्यंत पेपरने बातमी थांबवली, आणि गव्हर्नर पार्सन यांनी त्यालाच हॅकर म्हणून खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला. पण त्याचा पेपर पहिल्या दिवसापासून त्याच्या बाजूने उभा होता.

आणि काल रात्री मला एकदम आठवलं. पोच! मी क्लासमध्ये प्रत्येक पोराला सांगतो, कुठल्याही ऑफिसात अर्ज दिला की पोच घ्यायची. पोराला फोन केला. म्हणाला, "आहे ना सर, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला होता." आवक क्रमांक, तारीख, कारकुनाची सही. माफीनाम्याच्या अकरा दिवस आधीची. त्यालाच त्याचं महत्त्व ठाऊक नव्हतं. चोर चोरी करून आवक शिक्का घेतो का रे?

म्हणून ठरवलंय. मी माझ्या सहीने एक निवेदन लिहितोय की माफीनाम्यातला मजकूर त्याचा नव्हता, तो सांगून लिहून घेतला आणि मी तो लिहू दिला. आणि देशाची सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेला दुसरं पत्र, कारण ते भोक अजून बुजलंय की नाही देव जाणे, आणि पुन्हा उघडून बघ असं मी त्याला सांगणार नाही. दुसरं इंग्रजीत लागेल. त्यात कुठला शब्द पोराच्या अंगावर येईल ते तुझ्याइतकं मला कळत नाही. तू रोज हेच काम करतोस. मसुदा सोबत आहे, लाल पेनाने हवं तेवढं खोड.

तुझं नवं ऑफिस कसं आहे? वहिनींची बदली झाली का? चिमीचा दहावीचा ताप उतरला असेल. हे सगळं आधी विचारायला हवं होतं.

जमलं तर येत्या शनिवारी ये, भुसावळहून सुरत लाइनची गाडी पकड. शेतावर भरीत करू, वांगी आली आहेत, कळण्याच्या भाकरी आई करेल. पोराला बोलावतो. तो क्लासला येत नाही सध्या, पण तू येतोयस म्हटल्यावर येईल. फोन रात्री नऊनंतर कर, या वेळी उचलेन.

तुझा,
भाऊ

ता. क. पोचेच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. माफीनाम्याचीही जोडली आहे. त्यात "हॅकिंग" हा शब्द त्याने दोनदा खोडून मग लिहिलाय, ते मला आज घरी भिंगाखाली दिसलं.