‘इतर’ काढू नका, वाचा : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या खात्याने सर्व विभागांसाठी अर्ज-तक्रारींची एकच वर्गसूची करायचे ठरवले आहे आणि तिच्या मसुद्यावर हरकती मागवल्या आहेत. हेतूबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. एकच तक्रार तीन विभागांत तीन नावांनी नोंदली जाते आणि वर्षअखेरीस आकड्यांचा मेळ घालताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात, हे मी जवळून पाहिले आहे. आलेल्या अर्जांना आणि तक्रारींना संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिकवणे हेच माझे काम. पण मसुद्यातली दोन कलमे वाचून राहवले नाही. एक, सूची अंतिम झाल्यावर पाच वर्षे तिला हात लावायचा नाही. दोन, ‘इतर’ हा पर्याय सगळीकडून काढून टाकायचा, कारण म्हणे कर्मचारी आळसापायी तोच निवडतात.

दुसऱ्या कलमाला माझी सक्त हरकत आहे. पहिल्याला जवळजवळ तितकीच.

कोणत्याही तक्रार कक्षातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. फोनवर एक माणूस सांगतो आहे : वळणावरचा दिवा बंद होता, त्यामुळे गटाराचे झाकण उघडे असल्याचे दिसले नाही, गाडी घसरली, हाताला लागले, आणि याच दिव्याबद्दल आधी कळवूनही कोणी फिरकले नाही. पडद्यावर यादी उघडलेली : दिवे, रस्ते, जलनिःसारण, अपघात, कर्मचाऱ्यांविषयी तक्रार, इतर. निवडायचे एकच. नवी रुजू झालेली मुलगी बावरून शेजारच्या टेबलाकडे पाहते. तिथली अनुभवी बाई मान न वळवता म्हणते, “दिव्यांत टाक गं. असल्या आपण दिव्यांतच टाकतो.”

झाले शिक्षण. पुढची तक्रार नुसत्या उघड्या झाकणाची येते, दिव्याचा उल्लेख ओझरता. तीही दिव्यांत जाते, कारण कालच्यासारखी वाटते. बघता बघता कक्षाचा स्वतःचा अलिखित नियम तयार होतो. शेजारच्या शहरातल्या कक्षाचा नियम वेगळा असतो, तिथे असल्या तक्रारी रस्त्यांत जातात. वर्षाच्या अहवालात दिव्यांच्या तक्रारी वाढलेल्या दिसतात आणि जलनिःसारणाच्या घटलेल्या. बैठकीत जलनिःसारणवाल्यांची पाठ थोपटली जाते, झाकण उघडेच. यात कोणी खोटे लिहिले नाही, कोणी कामचुकारपणाही केला नाही.

वर्गाची व्याख्या नियमपुस्तिकेत असतेच. पण माणूस व्याख्येवरून वर्ग शिकतो, हा समज मानसशास्त्रात फार पूर्वीच मागे पडला. 1970 च्या दशकात एलेनॉर रॉश यांनी दाखवून दिले, की एका वर्गातले सगळे सभासद आपल्या मनात सारख्या दर्जाचे नसतात. मनात ‘पक्षी’ म्हणून एक नमुना असतो : चिमणी त्याच्याशी जुळते म्हणून ती पक्षी आहे हे चटकन पटते, पेंग्विनपाशी माणूस क्षणभर अडखळतो. पुढे 1978 मध्ये मेडिन आणि शॅफर या संशोधकांनी असे मांडले, की बरेचदा मनात असा नमुनाही नसतो, पूर्वी पाहिलेली एकेक उदाहरणेच साठलेली असतात. नवी वस्तू त्यांतल्या ज्यांच्याशी अधिक जुळते त्यांच्या घरात जाऊन बसते. या दोन मतांमधला वाद पुरता मिटलेला नाही आणि आपल्या कामासाठी तो मिटायची गरजही नाही. “असल्या आपण दिव्यांतच टाकतो” हे वाक्य दोन्हींत चपखल बसते.

म्हणून प्रशिक्षणात मी व्याख्या पाठ करून घेत नाही. सीमेवरच्या, दोन्हीकडे बसू शकतील अशा तक्रारी टेबलावर टाकतो आणि भांडण होऊ देतो. आपल्या मसुद्यात पानामागून पाने वर्ग आहेत, प्रत्येकाला संकेतांक आहे, वाद होईल असे उदाहरण मात्र एकाही वर्गाखाली नाही. म्हणजे ती सूची शिकवणार कोण? शेजारचे टेबल.

सीमा इतकी धूसर का असते, याचे एक सुरेख उत्तर भाषावैज्ञानिक विल्यम लबोव्ह यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी लोकांना कपासारख्या भांड्यांची चित्रे दाखवली, एकाहून एक रुंद होत जाणारी. कुठल्या तरी टप्प्यावर लोक ‘कप’ सोडून ‘वाडगा’ म्हणू लागले, पण सगळे एकाच टप्प्यावर नव्हे. मध्ये रेष नव्हती, चांगला रुंद पट्टा होता. खरी गंमत पुढे आहे. त्याच भांड्यात खाण्याचा पदार्थ आहे अशी कल्पना करायला सांगितल्यावर, आधी ज्याला कप म्हटले जात होते त्यालाही अधिक लोक वाडगा म्हणू लागले. भांडे तेच, उपयोग बदलला.

सरकारी कामात हे रोज घडते. उघडे झाकण हा रस्तेवाल्यांच्या दृष्टीने खड्डा, जलनिःसारणवाल्यांच्या दृष्टीने हरवलेले साहित्य, रुग्णालयाच्या दृष्टीने दुखापतीचे कारण. तिघांचेही बरोबर आहे, कारण तिघांना त्या नोंदीचे काम वेगवेगळे आहे. एकाच वर्गसूचीचा आग्रह धरताना यांपैकी दोघांना आपण नकळत गप्प करतो. ग्रंथपालांनी हा पेच बराच आधी ओळखला होता. एस. आर. रंगनाथन यांच्या कोलन वर्गीकरणात, जे 1933 साली आले, पुस्तकासाठी तयार खण शोधायचा नसतो. विषयाचे पैलू वेगळे करायचे आणि जोडून त्याचा क्रमांक तयार करायचा, ही त्यातली मूळ कल्पना. तक्रारीलाही तसे करता येईल : कोणती वस्तू, काय बिघडले, कोणाला काय झाले, आधी कळवले होते का. चार छोट्या याद्या. आजच्या संगणकांना हे अजिबात जड नाही.

एकदा रेष ओढली, की ती नजरही बदलते. 1963 मध्ये हेन्री ताजफेल आणि विल्क्स या मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या लांबीच्या आठ रेघांचा अंदाज लोकांकडून घेतला. जेव्हा आखूड चार रेघांवर एक अक्षर आणि लांब चारांवर दुसरे अक्षर लिहिलेले असे, तेव्हा दोन गटांमधला फरक लोकांना होता त्याहून मोठा दिसला. नुसत्या रेघांचे हे होते, तर ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असा शिक्का बसलेल्या दोन अर्जदारांचे काय होत असेल? उत्पन्नाच्या मर्यादेच्या किंचित अलीकडचा आणि किंचित पलीकडचा, दोघांची परिस्थिती जवळपास सारखी. शिक्क्यानंतर एक गरजू होतो आणि दुसरा लबाड.

आता ‘इतर’बद्दल. कर्मचारी कधीकधी सुटका म्हणून तो निवडतात, हे मला ठाऊक आहे. पण पर्याय काढल्याने सुटकेची गरज जात नाही. यादीतला पहिला पर्याय निवडला जातो, किंवा कालचा. आधी निदान कळत होते की काहीतरी बसत नाही. आता ते बसल्याचे सोंग घेईल आणि आपला अहवाल आधीपेक्षा नीटनेटका दिसेल. (हरकत नोंदवायच्या आपल्याच अर्जात विषयाचे पर्याय तांत्रिक, भाषिक, टंकलेखनातील चूक आणि इतर असे होते. मी कोणता निवडला ते सांगायला नको.)

‘इतर’ फुगतो तेव्हा तो काय सांगत असतो, याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्या जनगणनेत आहे. तिथे वंशाच्या प्रश्नाला ‘दुसरा एखादा वंश’ असा उरलासुरला पर्याय असतो. 2000 सालच्या जनगणनेत पहिल्यांदाच एकाहून अधिक वंश निवडायची मुभा मिळाली आणि सुमारे 68 लाख लोकांनी ती वापरली. म्हणजे त्याआधी इतकी माणसे कुठल्या तरी एका खणात कोंबली जात होती. 2020 च्या जनगणनेत तो उरलासुरला पर्याय, एकट्याने किंवा दुसऱ्या वंशासोबत, निवडणारे जवळपास 5 कोटी निघाले. श्वेतवर्णीयांखालोखाल हाच सगळ्यांत मोठा गट. त्यांत बहुसंख्य हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले, होते. त्यांची ओळख विचारणारा प्रश्न वेगळा होता आणि वंशाच्या यादीत त्यांना आपले नाव सापडत नव्हते. ही माणसे आळशी नव्हती. शेवटी मार्च 2024 मध्ये तिथल्या सरकारने दोन्ही प्रश्न एकत्र करायचे ठरवले आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतल्या लोकांसाठी नवा पर्यायही घातला. ‘इतर’ आधीच काढून टाकला असता तर हे कोणाच्या लक्षात आले असते?

खगोलशास्त्रज्ञांवरही अशीच वेळ आली होती. ग्रह म्हणजे काय याची औपचारिक व्याख्याच नव्हती, कारण तिच्यावाचून चालत होते. 1801 साली सापडलेला सीरीस काही दशके ग्रहांच्या यादीत होता, मग तसलेच कितीतरी सापडले आणि त्या सगळ्यांचा वेगळा वर्ग झाला. 2005 मध्ये प्लूटोच्या जवळपास आकाराचा एरिस सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न : याला कुठे ठेवायचे? 24 ऑगस्ट 2006 रोजी मतदानाने व्याख्या ठरली आणि प्लूटो बाहेर गेला. लोक प्लूटोसाठी हळहळले. मला कौतुक वाटते ते न बसणारी वस्तू आल्यावर यादी तपासायला काढण्याचे.

पाच वर्षांच्या बंदीमागचे कारण मला समजते. वर्ग सारखे बदलले तर यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करता येत नाही. ही भीती खरी आहे. 1999 साली अमेरिकेने मृत्यूच्या कारणांसाठी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती लागू केली. मूळ कारण निवडण्याचे नियम बदलल्यामुळे इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनिया यांच्या खाती पडणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरले. एकही फुफ्फुस त्यामुळे बरे झाले नव्हते. पण हे त्यांना नेमके माहीत होते, कारण त्यांनी 1996 सालचे मृत्यू जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी नोंदून तुलनेचे गुणोत्तर काढून ठेवले होते. तुलनेची अडचण अशी सुटते. त्यासाठी यादी गोठवावी लागत नाही.

आणि गोठवण्याची किंमत माणसे मोजतात. याच वर्गीकरणात समलैंगिकता कित्येक वर्षे मानसिक विकारांत मोडत होती. मे 1990 मध्ये दहावी आवृत्ती मंजूर झाली तेव्हा ती त्यातून निघाली. त्या माणसांत काही बदल झाला नव्हता. त्यांच्यावर रोगाचा संकेतांक लावणारी यादी चुकीची होती, आणि ती यादी चालू होती तोवर प्रत्येक नोंद करणारा आपले काम नियमाप्रमाणेच करत होता.

तेव्हा विनंती अशी. ‘इतर’ राहू द्या, पण तो निवडणाऱ्याला कारणाची एक ओळ लिहावी लागेल असे करा. तीन महिन्यांतून एकदा त्या ओळींतल्या शंभरएक कोणीतरी बसून वाचाव्यात, आणि हा ‘कोणीतरी’ नावानिशी नेमलेला असावा. आज सूचीतल्या एकाही वर्गाला मालक नाही. शंका आली तर कर्मचाऱ्याने कोणाला फोन करायचा, हे मसुद्यात कुठेच नाही. त्या वाचनात फोन घेणाऱ्या टेबलावरची माणसे हवीतच, कारण वर्ग कुठे फाटतो ते सर्वांत आधी त्यांना कळते आणि त्यांना विचारायची पद्धत नाही. काही नोंदींना दोन कर्मचाऱ्यांकडून, एकमेकांना न विचारता, संकेतांक द्यायला लावा. त्यांचे किती जुळते हे मोजायचे माप मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी 1960 सालीच देऊन ठेवले आहे. योगायोगाने जुळलेले ते वजा करते. ज्या वर्गावर दोन शिकलेली माणसे वारंवार वेगळी पडतात, तिथे पुन्हा प्रशिक्षण लावण्याआधी वर्गाची व्याख्या तपासावी. बदल वर्षातून एकाच ठरलेल्या तारखेला करावेत आणि बदललेल्या वर्गांच्या नोंदींचा एक नमुना जुन्या-नव्या दोन्ही संकेतांकांनी ठेवावा. खर्च येईल. चुकीच्या अहवालावरून चुकीच्या खात्याकडे वळणाऱ्या निधीपेक्षा तो नक्कीच कमी असेल.

ज्याच्या अर्जावर संकेतांक पडतो त्याला तो दिसलाही पाहिजे. “आपली तक्रार ‘दिवे’ या वर्गात नोंदली आहे” एवढा संदेश गेला तरी पुष्कळ चुका त्याच दिवशी उघड होतील. त्यावर ‘हे बरोबर नाही’ असे कळवायची सोय असावी, आणि तसे कळवणाऱ्याच्या तक्रारीची नोंद ‘कर्मचाऱ्यांविषयी तक्रार’ या वर्गात होऊ नये.

मसुदा अंतिम करण्याआधी आपण एखाद्या तक्रार कक्षात अर्धा दिवस बसावे, असे मनापासून वाटते. पाहणी दौरा नको, फुले नकोत. संकेतांक देणाऱ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसावे, आणि गेल्या महिन्यात ‘इतर’मध्ये गेलेल्या नोंदी मागवून घ्याव्यात.

कळावे,

आपला,
संकेतांकन शिकवणारा एक प्रशिक्षक